अक्काची रबरी टाच

आमच्या घरातली मोडलेली वस्तू दुरुस्तीला बाहेर गेली, असं कधी झालं नाही. अप्पांचा तसा कायदाच होता. मिक्सर, छत्री, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांच्या रेडिओची खुंटी, काहीही असो, ते पडवीतल्या त्यांच्या फळीवर जायचं. शाळेतून आल्यावर कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला बाजूला ठेवून अप्पा त्या वस्तूसमोर मांडी घालून बसायचे. ते शाळेत विज्ञान शिकवत आणि घरात दुरुस्ती. त्या वस्तूंशी इतकं हळुवार वागायचे की पाहणाऱ्याला वाटावं, काय मायाळू माणूस! फ्रिजच्या दाराचं रबर सुटलं तेव्हा त्यांनी ते कोमट पाण्यानं पुसलं, ओलावा टिपला, काचपेपरनं अलगद घासलं. मग सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना बोटानं पातळ पसरलं आणि हात मागे घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, "अप्पा, दाबा ना आता." तर म्हणाले, "गाढवे, ओलं असताना दाबलंस तर उद्या सुटेल. दोन्हींकडे लावायचं, वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं कीं मग एकदाच दाबायचं. रबराला घाई चालत नाही." अख्ख्या जन्मात त्यांनी मला प्रेमानं शिकवलेली ही एकच गोष्ट. अजून चोळपुरमच्या रस्त्यावर पंक्चरच्या दुकानापुढून रिक्षा गेली की त्या वासानं मला मळमळतं, आणि शेजारी बसलेल्या नातीला वाटतं आजीला रिक्षा लागली.

आमचं घर कुंभकोणमला तळ्यामागच्या बोळात होतं. पहाटे देवळातला नागस्वर, त्यावर मात करणारा आईचा आवाज, मग फोडणीत कढीलिंब तडतडल्याचा आवाज, असा दिवस उजाडायचा. दार ओलांडलं की आम्ही तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. ती मराठी ऐकून पुण्याहून आलेला एक पाहुणा इतका हसला होता की आईनं त्याला दुसरी पोळी वाढली नाही. इथं मी ती थोडी सोपी करून लिहिते आहे, नाहीतर तुम्हीही हसाल. आई सुगरण होती. तिच्या हातचं चिंचगुळाचं वांगं आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, आणि लगेच स्वतःचाच राग येतो. कारण ते वांगं वाढता वाढता ती जे बोलायची तेही आठवतं. माझ्या मोठ्या बहिणीचं नाव अंबुजा. मी तिला अक्का म्हणायची. बाकी घरात तिला एकच नाव होतं, नोंडी. तमिळमध्ये लंगड्याला म्हणतात ते. लहानपणी ताप येऊन तिचा उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला होता. "नोंडीला हाक मार गे." "नोंडी, ताटं घे." शिवी म्हणून नव्हे हो, अगदी सहज, जसं एखाद्या मांजराला मनी म्हणतात. अक्का ओ द्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ती मलाच गप्प करायची, "असूं दे यमू. तुझं काय जातंय?"

अक्काला स्थळं यायची आणि जायची. इथं आमची मराठी माणसं मुळात मूठभर. कुंभकोणम, तंजावूर, दारासुरमकडची दोन-चार घरं, सगळ्यांना तिचा पाय ठाऊक. शेवटी दूर वेलूरकडचं एक स्थळ मध्यस्थानं आणलं. तिकडे पायाचं कुणाला माहीत नव्हतं आणि मध्यस्थानं सांगितलं नव्हतं. अक्काला बाहेर जाताना घालायला अप्पांनीच टायरचा थर लावलेली एक चप्पल करून दिली होती, ती घातली की ती बरीच सरळ चालायची. पण मुलगी पाहायला आलेल्यांसमोर चप्पल घालून कोण येतं? आपल्यात चपला उंबऱ्याबाहेर. मुलीनं अनवाणी पायांनी आतून यायचं, ताट ठेवायचं, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा, पुन्हा आत जायचं. म्हणजे पाय दिसणारच. आई कपाळाला हात लावून बसली. अप्पा मात्र अक्काच्या पायाकडे टक लावून पाहत होते. फ्रिजच्या दाराकडे पाहिलं होतं ना, तसेच. मग म्हणाले, "चप्पल कशाला हवी? टाचच चिकटवूं कीं."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा कसली! त्यांनी रबराच्या जाड पट्टीचे तुकडे कापले, एकावर एक जोडले, कडा तासून तासून पातळ केल्या, आणि अक्काच्या टाचेच्या मापाची, कातडीच्या रंगाची एक सुबक टाच तयार केली. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. आता प्रश्न राहिला चिकटवायचं कशानं. त्यासाठी त्यांनी अक्काला पडवीत खुर्चीवर बसवलं, तिची टाच विटकरीच्या तुकड्यानं घासली. "खरखरीत झाल्याशिवाय पकड येत नाही," हे मला सांगितलं, अक्काला नाही. मग रॉकेलच्या बोळ्यानं तेलकटपणा पुसला. घासलेल्या कातडीवर रॉकेल! अक्कानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. तिच्या टाचेवर त्यांनी रबराचे छोटे छोटे तुकडे निरनिराळ्या गोंदांनी चिकटवले आणि तिला स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत येरझाऱ्या घालायला लावलं, कुठला आधी पडतो ते बघायला. सुताराचा सरस आधी तडकला. तो जनावरांच्या खुरांचा असतो म्हणून आई आधीच नाक मुरडून बसली होती. मुलीची कातडी सोलवटली त्याचं काही नाही, खुराचा विटाळ नको! कागदाचा पांढरा गोंद घामानं विरघळून घसरला. चांभाराकडचा पिवळा गोंद छान बसला, पण वाळल्यावर ताठ झाला. पाय वाकवला की कातडीला चिरा पडायच्या. पंक्चरचं सोल्यूशन तेवढं टिकलं. रबरासारखंच मऊ राहायचं, पावलाबरोबर वाकायचं. झटक्यात चिकटणारा तो हल्लीचा गोंद तेव्हा आमच्या गावात आलेला नव्हता हे अक्काचं नशीब, नाहीतर अप्पांनी तोही लावून पाहिला असता. "जमलं!" म्हणून ते उठले आणि आईला म्हणाले, "आज काहीतरी गोड कर."

आज त्याच कुंभकोणममध्ये औषधांच्या दुकानात तसल्या मऊ टाचा मिळतात. चपलेत ठेवायच्या, मोज्यात घालायच्या, वाटेल तेव्हा काढायच्या. मध्ये गुडघ्याचा पट्टा आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं मला एक दाखवलीसुद्धा. मी तिच्यावर उगाच खेकसले. बिचारीला काय कल्पना.

पाहायला मंडळी आली तो दिवस कडक उन्हाचा होता. ओसरीवर सतरंजी, त्यावर मुलगा, त्याची आई आणि दोन काका. मुलगा गोरा, केस चापून बसवलेले, बोलताना सारखा आईकडे पाहणारा. आत आमची तयारी चालली होती. अप्पांनी सोल्यूशन अक्काच्या टाचेला लावलं, रबराला लावलं आणि दोन्ही वाळायची वाट बघत बसले. आई दाराशी फेऱ्या मारत होती, "किती वेळ हो? कापी थंड होतेय!" अप्पा बोट लावून चिकटपणा बघत होते. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण सोललेल्या जागी ते सोल्यूशन आग आग करत होतं. पुसायलाही आईनं वेळ दिला नाही, नुसता पदर टेकवला, काजळ फिसकटेल म्हणून. मग अप्पांनी टाच एकदाच जोरात दाबली. अक्का उभी राहिली. रेशमी साडी जमिनीपर्यंत सोडलेली, हातात भजी आणि शिऱ्याचं ताट. ती चालत गेली. सरळ! मी जन्मल्यापासून तिला अनवाणी सरळ चालताना पाहिलं नव्हतं. दाराआडून बघताना मी टाळ्या वाजवता वाजवता राहिले. आनंदानं, लाज वाटते सांगायला, पण आनंदानंच. मुलाच्या आईनं तिला दोनदा आत-बाहेर चालवलं, वेणी बघायच्या निमित्तानं. अक्का चालली. मुलाची आई म्हणाली, "चाल छान आहे हो मुलीची." आणि पानसुपारी झाली.

मंडळी गेल्यावर अप्पांनी टाच ओढून काढली. आधी रॉकेलनं भिजवायची ती भिजवली नाही, किती पकड आहे ते त्यांना बघायचं होतं. रबराबरोबर रुपयाएवढी कातडी आली. अक्का किंचाळली तर आई म्हणाली, "हळू! गाडी अजून बोळाच्या तोंडाशी आहे." अप्पा ती टाच उजेडात धरून उलटसुलट पाहत होते. खूश होते.

लग्न ठरलं आणि रोज सराव सुरू झाला. लग्नात तासन् तास उभं राहणं, होमाची धग, पाय धुणं, हळद, तेल, या एकेका संकटाचा अप्पांनी आधी विचार केला. तेलाच्या न्हाणानंतर टाच किती वेळा पुसावी, सोल्यूशनचे हात किती द्यावेत, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. जखम भरत यायची, तोवर पुढचा सराव. पण अप्पा विज्ञानाचे मास्तर. लग्नातले विधी म्हणजे भटांचा पोटापाण्याचा धंदा असं म्हणून ते स्वतःच्या लग्नातसुद्धा पेंगत बसले होते म्हणे. त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. ती माझ्या आली. लग्नाच्या आधी आईनं मला पाटा घासून ठेवायला सांगितला. आम्ही त्या पाट्याला इथल्यासारखं अम्मीच म्हणतो. हळदकुंकू लावून तो मांडवात नेतात, आणि सप्तपदीनंतर नवरा खाली बसून नवरीचा उजवा पाय आपल्या हातांनी उचलतो, त्या अम्मीवर ठेवतो आणि बोटांत जोडवी घालतो. उजवा पाय, त्याच्या हातांत! काथ्या माझ्या हातातून गळून पडला. मी धावत स्वयंपाकघरात गेले.

"आई, अम्मीवर पाय ठेवताना तो अक्काची टाच धरेल गे!"

आई मुरुक्कू, म्हणजे इथल्या चकल्या, तळत होती. तिनं झारा थांबवला नाही.

"ठाऊक आहे मला."

"मग? अप्पांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं मला? आजवर कधी काही विचारलंय?" मग तिनं मुरुक्कू निथळून परातीत टाकला आणि शांतपणे म्हणाली, "अम्मीच्या आधी मंगळसूत्र बांधून होतं. मग त्यानं धरली तर धरली. तोवर नोंडी त्याची झालेली असते."

अप्पांना माणसाचं काळीज नाही हे मला माहीत होतं, आईचं हिशेबी होतं हे त्या दिवशी कळलं. मी अक्काला गाठून सांगितलं. पळून जाऊ म्हणाले, निदान लग्नाआधी त्याला खरं सांगू म्हणाले. अक्का हातांवर मेंदी वाळवत बसली होती. म्हणाली, "आणि मोडलं तर? मग मी इथंच राहायचं?" आणि तिनं दार लोटून घेतलं.

लग्नात मी करवली म्हणून अक्काच्या मागेच उभी होते, तिचा पदर धरून. मंगळसूत्र बांधलं, वाजंत्री कडाडली, अक्षता पडल्या. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मुलगी गंगेत न्हाली. सप्तपदी झाली, अक्का सरळ चालली. मग भटजींनी अम्मी पुढे ओढली. भावोजी खाली बसले, एका हातानं अक्काचा अंगठा आणि दुसऱ्या हातानं टाच धरली, आणि पाय उचलता उचलता थांबले. त्यांचा अंगठा रबरावरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला. नखानं त्यांनी कड चाचपली. मी अक्काचा पदर घट्ट आवळला. अक्काची मान खाली. भावोजींनी मान वर केली, पण अक्काकडे नाही, आपल्या आईकडे पाहिलं. ती कुणा बाईशी साड्यांबद्दल बोलत होती. मग त्यांनी पाय अम्मीवर ठेवला, चांगला जोर लावून ठेवला, जोडवी घालायला वाकले आणि ओठ न हलवता बोलल्यासारखे बोलले. भटजी मंत्रात गुंग होते. ऐकलं फक्त आम्ही दोघींनी.

"फसवलंत. आता अम्माला कळलं तर सगळे जातभाई मला हसतील. हे काढायचं नाही. झोपतानासुद्धा नाही. समजलं?"

अक्कानं मान हलवली. बायका म्हणाल्या, बघा, कसा कानाशी लागलाय आत्तापासून! सगळे हसले. अप्पा तिकडे केळीच्या खांबाला टेकून उभे होते, चेहऱ्यावर समाधान. पाणी, तेल, धग, सगळ्यांतून त्यांचा जोड पार पडला होता.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, नवी नवरी माहेरी आणायची आमच्याकडे इथल्यासारखीच रीत. अक्का आली. दारातून सरळ चालत आली, हातभर गजरा, नवी साडी. आईनं दृष्ट काढली. आत आल्यावर अक्का भिंतीला धरून बसली आणि मी पाय हातात घेतला, तर वास आला. सोल्यूशनचा आणि त्याखाली दुसरा, नासलेल्या मांसाचा. सासरी दोन दिवसांनी एकदा मोरीत, कडी लावून, ती ती टाच काढायची, पुसायची, सोल्यूशन लावायची, वाळू द्यायची आणि पुन्हा दाबायची. मी रॉकेलनं भिजवून हळूहळू टाच सोडवली. खाली कातडी नावाला नव्हती. लाल, पिवळं, ओलं असं काहीतरी होतं. मी अप्पांना ओरडून हाक मारली. ते आले, चष्मा पुसून लावला, अक्काचा पाय उजेडाकडे फिरवला, बराच वेळ पाहिला.

"जोड उत्तम आहे," ते म्हणाले. "कातडी कमकुवत निघाली."

माझा तोल गेला. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण वडिलांना बोलायचं नसतं ते सगळं बोलले. तिला परत पाठवू नका म्हटलं, डॉक्टरकडे न्या म्हटलं. अप्पांनी माझ्या मुस्काटात मारली. आई मध्ये आली ती मला ओढायला. "डॉक्टर चार जणांना सांगेल. तुझं लग्न व्हायचंय अजून, ध्यानात ठेव." आणि जखमेवर हळद-खोबरेल बांधून ती वांगी चिरायला बसली. महिनाभर अक्का आमच्याकडे होती. टाच नव्हती, त्यामुळे ती लंगडत होती, नेहमीपेक्षा जास्तच. दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा "नोंडी, ताट घे" सुरू झालं. जखमेनं वरवर खपली धरली.

तिला न्यायला भावोजी आले तेव्हा आईनं सासरी द्यायची फळं, लाडू, साडी टोपलीत भरली. त्या सगळ्याखाली अप्पांनी सोल्यूशनच्या नळ्यांचं एक पुडकं ठेवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, नीट सुतळी बांधून. अक्का आत टाच लावून बसली होती, वाळायची वाट पाहत. मी ते पुडकं टोपलीतून उपसून काढलं, माझ्या साडीत लपवलं आणि मागच्या दारानं तळ्याकडे निघाले. अक्कानं मला दारातच पकडलं.

"दे इकडे."

"नाही देणार. पाय सडेल गे तुझा! कापावा लागेल!"

"दे म्हणत्यें ना." तिनं माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून पुडकं काढून घेतलं. रागानं नाही. मला जवळ ओढून, ओसरीवरच्या भावोजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुला नाही कळायचं यमू. माझ्या धाकट्या जावेची चाल थोडी फेंगडी आहे. सासूबाई रोज तिला माझ्याकडे बोट करून दाखवतात. म्हणतात, बघ, अंबुजासारखं चालायला शिक."

हे सांगताना अक्का हसली. आमच्या घरात तिला असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.